सत्कारमूर्तीच्या अनुपस्थितीत

सत्कारमूर्तीने सत्काराच्या वेळी व्यासपीठावर हजर असावे, असा नियम कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवलेला नाही. तो सर्वांनी गृहीत धरलेला आहे; आणि अशा गृहीत धरलेल्या गोष्टींनीच सभ्य माणसाची अप्रतिष्ठा होते, असे मी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत अनेक वर्षे प्रतिपादन करीत आलो आहे. ते तेथे कोणी मान्य केले नाही. पुढील हकिकत वाचून तरी ते मान्य व्हावे.

माझी कन्या चारुशीला भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली आणि तिला बंगळूरच्या एका संशोधन संस्थेकडून पीएच.डी.च्या मुलाखतीचे बोलावणे आले. विषय पुंजयामिकी. (सांगलीत या विषयाला ‘क्वांटम’ म्हणतात, मी म्हणत नाही.) त्या वर्षी त्या विषयात जागा एकच होती, आणि तीसुद्धा उमेदवार मनास आला तर भरावयाची, न आला तर रिकामी ठेवावयाची, अशा स्वरूपाची. ती मिळाली तर वसतिगृह, विद्यावेतन आणि हव्या त्या विषयात बुडी मारण्याची मुभा. न मिळाली तर साताऱ्याच्या आक्काने, म्हणजे माझ्या वडील भगिनीने, हेरून ठेवलेले वाईचे स्थळ. आक्काचे म्हणणे होते, “जाऊ दे एकदा. पण हात हलवीत परत आली, तर मग मी सांगेन त्या घरी.” चारुशीलेने ही अट हसत मान्य केली होती. ती हसत कबूल करते तेव्हा तिला सर्वांत जास्त भीती वाटत असते, हे ओळखण्याइतका मी तिचा बाप आहे.

बोलावणे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे लालासाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले. लालासाहेब मूळचे आष्ट्याचे. लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आष्ट्यास ऊस आणि सांगलीत घर असे दुहेरी संसार करणारे, आणि आमच्या पेठेतील प्रत्येक समितीचे कार्याध्यक्ष.

“मास्तर,” ते म्हणाले, “पोरगी बंगळूरला चालली, आन् तुमी गप बसलाय व्हय? सत्कार करायचा.”

“लालासाहेब, अद्याप निवड झालेली नाही. हे केवळ मुलाखतीचे बोलावणे आहे.”

“आमच्याकडं पोरगं भरतीच्या रांगेत नुसतं हुबं ऱ्हायलं तरी पेढं वाटत्यात. भरती झाल्यावर परत वाटायचं.”

“परंतु निवड झाल्यावरच सत्कार—”

“आवं, निवड झाल्यावर सत्कार कुनीबी करतंय. आदी करतो त्यो आपला मानूस.”

या युक्तिवादात एक दोष होता, पण तो मी शोधीपर्यंत लालासाहेबांनी पुढचे वाक्य टाकले: “आन् मानपत्र तुमीच लिवायचं.”

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. सांगलीत मानपत्र लिहावे ते मीच, हे सर्वमान्य आहे. निवृत्त मुख्याध्यापक, हिंदकेसरीच्या अंतिम फेरीत थोडक्यात हरलेले मल्ल, उसातून निघणारा साखरेचा उतारा वाढवणारे रसायनतज्ज्ञ, इतकेच काय, शर्यत जिंकलेल्या एका खिलार बैलजोडीसही मी मानपत्र लिहिले आहे. ते बैलांनी अखेरपर्यंत शांतपणे ऐकून घेतले; माणसांबद्दल मला तसे म्हणता येणार नाही. प्रदीर्घ, तोललेल्या, उपवाक्यांनी नटलेल्या वाक्याचे जे वैभव आपल्या गद्याने एके काळी भोगले, ते आता शिल्लक आहे ते फक्त मानपत्रांत; आणि तेथेही त्याचे प्राण मीच धरून ठेवले आहेत. अशा माणसाला स्वतःच्या मुलीचे मानपत्र लिहिण्याची संधी आली असता त्याने तात्त्विक आक्षेप काढीत बसावे, ही अपेक्षा अमानुष आहे.

मी होकार दिला. पहिली अडचण तेथेच उद्भवली. प्रमुख पाहुणे म्हणून साखर कारखानदारीतील वजनदार पुढारी नाथाजीराव यांना बोलावणे लालासाहेबांच्या दृष्टीने अटळ होते, कारण त्यांच्या शेताकडे जाणारा रस्ता नाथाजीरावांच्या सहीवाचून अडला होता. नाथाजीरावांना फक्त रविवारची संध्याकाळ मोकळी होती. मुलाखत सोमवारी बंगळूरास होती, आणि चारुशीलेने शनिवारी रात्री मिरजेहून गाडी धरणे आवश्यक होते. म्हणजे सत्काराला थांबावे तर मुलाखत बुडणार, आणि मुलाखतीस जावे तर सत्कार कोणाचा करावयाचा, असा पेच पडला. मी तो रात्रीच्या जेवणाच्या वेळी मांडला.

“यात पेच कसला?” चारुशीला म्हणाली. “मी शनिवारी जाते. तुम्ही रविवारी सत्कार करा.”

“तुझ्यावाचून?”

“बाबा, माझ्या सत्कारात माझं काम तरी काय असतं? खाली मान घालून बसायचं. ते मी गाडीतही करीन.”

“ही जाईल,” सुहासिनी, माझी पत्नी, ताटात भात वाढीत म्हणाली, “आणि तुम्ही मानपत्र वाचाल. दोघांनाही हवं ते मिळेल. उगाच तोंड पाडून बसू नका.”

मी तोंड पाडलेले नव्हते. मी विचार करीत होतो.

मानपत्रात कर्तृत्वाचे वर्णन हवे, म्हणून मी चारुशीलेकडून विषय समजावून घेण्यास बसलो. तिने शक्य तेवढ्या संयमाने सांगितले, की अतिसूक्ष्म कण कोठे आहे हे जितके नेमके ठरवावे तितकी त्याची गती अनिश्चित होते.

“हा मोजणाऱ्याचा हलगर्जीपणा,” मी म्हणालो.

“नाही बाबा. निसर्गाची रीतच तशी आहे.”

“मग निसर्गाने ती सुधारली पाहिजे.”

“तुम्ही त्याला एक खरमरीत पत्र लिहा,” स्वयंपाकघरातून सुहासिनी म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केले. “आणि या कणाचा उपयोग काय?”

“तेच तर शोधायला जायचंय,” चारुशीला म्हणाली. मग वेगळ्या आवाजात, “बाबा, मला खरंच जायचंय हो. दुसरं काही नको आहे मला.”

मी चष्मा पुसला. चष्म्यावर काही नव्हते.

हे ज्ञान पेठेतही पसरले होते. प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. कोपऱ्यावरच्या वैद्यांनी मुलीने बी.एड. करावे असे सुचविले. कुपवाडच्या एका कारखानदाराने, तिने हे कण सोडून लोखंडाच्या कणांकडे लक्ष दिले तर आपल्याकडे नोकरी आहे, असा निरोप पाठविला. स्वतः लालासाहेबांनी खाजगीत मला विचारले, “मास्तर, त्या कनांनी उसाचा उतारा वाढंल का?” मी नाही म्हणालो. “मग हे नाथाजीरावापुढं काढू नगा,” त्यांनी बजावले.

मानपत्र लिहून झाले. ते माझ्या आजवरच्या लेखनात श्रेष्ठ होते, हे मी विनय बाजूस ठेवून नमूद करतो. परंतु ते पुन्हा वाचताना एक भयंकर गोष्ट माझ्या ध्यानात आली. मानपत्र हे संबोधन आहे. ‘हे विदुषी’ म्हणावयाचे तर समोर विदुषी हवी. रिकाम्या खुर्चीला ‘हे विदुषी’ म्हणणे हे ज्याला भाषेची चाड आहे त्याला जमणार नाही. मी ही अडचण लालासाहेबांना सांगितली. त्यांनी लष्करी वेगाने निकाल लावला.

“खुर्चीवर तिचा फोटू ठेवूया. मोठा. हार घालूया.”

“जिवंत व्यक्तीच्या छायाचित्रास हार?”

“आवं, आमच्या पलटनीत जनरलसायबाच्या फोटूला दर वर्साला हार घालायचो. धडधाकट जित्ता गडी. पुढं लय वरीस जगला.”

तर्कदृष्ट्या हे उत्तर निरुत्तर करणारे होते. शिवाय त्यामुळे माझे संबोधन बचावत होते. मी मान्य केले.

चारुशीलेचे पदवीदानाच्या वेळचे लहान छायाचित्र घेऊन मी छायाचित्रकार जोतीरामकडे गेलो आणि ते मोठे करून चौकटीत बसविण्यास सांगितले. जोतीरामने ते दोन्ही हातांत घेतले आणि आवाज खाली आणला.

“कवा झालं, मास्तर?”

“काय केव्हा झाले? एम.एस्सी.?”

तो गोंधळला. मी खुलासा केला. तो आणखी गोंधळला. “न्हाई म्हंजे, एवढ्या आकारात जित्ता मानूस मी आजवर कवा केलेला न्हाई,” तो म्हणाला. “आमच्याकडं ह्या मापाची चौकट एकाच तऱ्हेची हाय बगा.”

ती चौकट शनिवारी तयार झाली. काळ्या पॉलिशची, वरच्या बाजूस एक तांबडा विजेचा दिवा, आणि खाली उदबत्ती खोचण्यासाठी पितळेचे छोटे घर. मी निषेध नोंदविला. जोतीराम म्हणाला, “उदबत्ती लावूच नगा की.” चारुशीला गाडीला निघण्याच्या घाईत होती, तिने चौकटीतल्या स्वतःकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, “बाबा, मी हिच्यापेक्षा बरी दिसते ना?” मिरजेच्या फलाटावर गाडी सुटताना तिने खिडकीतून हात हलविला. मी तिला धीराचे एक वाक्य सांगण्याचे योजिले होते. ते क्रियापदापाशी येईपर्यंत गाडी फलाट सोडून गेली.

रविवारी संध्याकाळी शाळेचे सभागृह भरले. व्यासपीठाच्या मधोमध मखमली खुर्चीवर चौकट, तिला झेंडूचा जाड हार. आणि लालासाहेबांच्या घरच्या कोणी भाविक स्त्रीने, पितळेचे घर रिकामे बरे दिसत नाही म्हणून, दोन उदबत्त्या. तांबडा दिवाही कोणी तरी सुरू करून ठेवला होता. नाथाजीरावांस उशीर झाला होता, आणि लोक चुळबुळ करू लागले, म्हणून लालासाहेबांनी मला मानपत्र वाचण्याची खूण केली.

मी उभा राहिलो. “हे विदुषी,” मी चौकटीकडे वळून म्हणालो, “स्थूल पदार्थांच्या या कोलाहलमय जगाकडे पाठ फिरवून, जेथे स्थलकालांचे परिचित नियम शिथिल होतात आणि जेथून कोणतीही वार्ता निश्चित स्वरूपात येत नाही, अशा त्या अदृश्य, सूक्ष्म प्रांताकडे काल रात्री आपण एकाकी प्रयाण केलेत, तेव्हा आम्हां मागे राहिलेल्यांचे अंतःकरण…”

वाक्य बरेच पुढे जाणार होते. सभागृह स्तब्ध झाले होते. ही स्तब्धता न समजल्यामुळे होती, हे मी आता मान्य करतो. त्या वेळी ती मला भारावल्याची वाटली. याच क्षणी दारातून नाथाजीराव आत आले.

त्यांचा दिवस, पुढे कळले त्याप्रमाणे, दोन लग्ने, एक विहीर आणि एक तेरावे असा गेला होता. त्यांनी दारातूनच हार पाहिला, उदबत्त्या पाहिल्या, कानावर ‘मागे राहिलेल्यांचे अंतःकरण’ पडले. त्यांनी तेथेच चपला काढल्या, डोक्यावरची टोपी हातात घेतली, संथ पावलांनी व्यासपीठावर चढले आणि चौकटीपुढे मान खाली घालून उभे राहिले.

प्रमुख पाहुणे उभे राहिले म्हणून पहिली रांग उभी राहिली. पहिली रांग उभी राहिली म्हणून सभागृह उभे राहिले. दोन मिनिटे कोणी खोकलेसुद्धा नाही.

मी लालासाहेबांच्या कानाशी लागलो. “त्यांचा गैरसमज झाला आहे. सांगा त्यांना!”

“गप ऱ्हावा मास्तर,” ते ओठ न हलवता म्हणाले. “पावन्याला चारचौघांत दुरुस्त करायचं न्हाई. रस्ता व्हायचाय अजून.”

मग नाथाजीराव बोलू लागले. “बंदूंनो आनि भगिनींनो. काळानं आज आपल्यातनं एक फूल खुडून न्हेलं. चारुशीलाताईला मी ती एवढी एवढी आसल्यापासनं वळखत हुतो.” (त्यांनी तिला कधीही पाहिलेले नव्हते.) “माज्या मांडीवर खेळलेली पोर. लय हुशार. पर हुशारीचा गर्व न्हाई. शेवटपत्तूर ती एकच म्हनत हुती, की आपल्या सभासद शेतकऱ्याचं भलं झालं पायजे.”

सभागृहात पाठीमागे कोणी तरी हुंदका दिला. मी पुढे झालो. स्पष्ट, निःसंदिग्ध अशा एका वाक्यात सर्व गैरसमज दूर करावा, हा माझा उद्देश होता. परंतु संतापाने माझा कंठ दाटून आला, ओठ थरथरू लागले आणि तोंडून “ती… ती…” याखेरीज काही फुटेना. तत्काळ दोघांनी मला दंडाला धरले, तिसऱ्याने पाण्याचा पेला ओठांशी लावला, आणि नाथाजीरावांनी मला छातीशी कवटाळले. “रडू द्या मास्तरांना,” ते सभेस म्हणाले. “बापाचं काळीज हाय.” माझा संताप संपूर्ण सभागृहाने शोक म्हणून स्वीकारला. मी आशेने स्त्रियांच्या बाजूस सुहासिनीकडे पाहिले. तिने तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. शेजारच्या बाया तिच्या पाठीवरून हात फिरवीत होत्या. ती हसत होती. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कोणत्याही वक्तृत्वास इतकी मनःपूर्वक दाद दिली नव्हती.

येथवर जे झाले ते केवळ माझ्या अप्रतिष्ठेपुरते होते. परंतु नाथाजीरावांनी खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले आणि जाहीर केले, “त्या बंगळूरच्या संस्थेलाबी कळाया पायजे, तेंनी काय गमावलंय ते. माज्या नावानं आत्ताच्या आत्ता तार जाऊ दे.” त्यांच्या सहायकाने मानपत्राची प्रत उचलली. त्या प्रतीत, अचूकतेच्या माझ्या नेहमीच्या आग्रहानुसार, संस्थेचा संपूर्ण पत्ता छापलेला होता. जीप सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला.

मी सायकल काढली.

तार ऑफिसात पोहोचलो तेव्हा नाथाजीरावांना आणि सहायकाला घेऊन जीप निघून जात होती. तारबाबू चहा पीत होते.

“ती तार थांबवा,” मी धापा टाकीत म्हणालो.

“मयताची तार थांबत न्हाई. तातडीची असते. गेली.”

“ती चुकीची आहे. जिच्या निधनाची ती तार आहे ती माझी मुलगी असून ती जिवंत आहे.”

तारबाबूंनी बशी खाली ठेवली. “मग ज्यांनी केली त्यांना सांगा, त्यांनी दुरुस्तीची तार करावी.”

“ते आता कऱ्हाडच्या रस्त्याला लागले आहेत. मीच तार करतो. तीही तातडीची.”

“मास्तर, मयत आसलं, तर तारेला पहिला नंबर. जिवंत माणसाची तार आपली रांगेनं जाणार. जिवंत माणसाला घाई कसली?”

“ती उद्या मुलाखतीस बसते आहे! तिचे नाव यादीतून काढतील!”

“हयातीचा दाखला हाय का? पेन्शनरांना लागतो तसा? तो लावला तर साहेबांना विचारून बघतो.”

“आणि तो मिळविण्यासाठी?”

“इसम समक्ष हजर पायजे.”

मी पाच मिनिटे वाद घातला. सात मुद्दे मांडले. तारबाबूंनी ते सर्व मान्य केले आणि कोरा कागद पुढे सरकविला. रविवार असल्याने संस्थेत फोन उचलण्यास कोणी नव्हते. तारेवाचून उपाय नव्हता. मजकूर इंग्रजीत लिहावा लागला. त्या भाषेतही मी शैथिल्य सहन करीत नाही. एक गोष्ट मनाशी निश्चित होती: घाईच्या वेळी माणसे सत्याशी तडजोड करतात, ती मी करणार नव्हतो. चारुशीलेस मी शेवटचे पाहिले ते शनिवारी रात्री. त्यापुढील काळाची ग्वाही मला कोणत्या अधिकाराने देता आली असती? म्हणून मी लिहिले, त्याचा भावार्थ असा: ‘कुमारी चारुशीलेच्या संबंधात एक दुःखद वार्ता आपणांकडे पोहोचली असण्याचा संभव असून, तीविषयी प्रस्तुत लेखक, म्हणजे तिचा पिता, असे नमूद करू इच्छितो की, त्याच्या स्वतःच्या प्रत्यक्ष माहितीप्रमाणे ती शनिवारी रात्रीपर्यंत निश्चितपणे जिवंत होती.’

तारबाबूंनी ते वाचले. “नुसतं ‘मुलगी जिवंत’ लिवलं आसतं तर भागलं असतं की.”

“ते विधान मी सिद्ध करू शकत नाही,” मी म्हणालो आणि सायकलवर बसलो.

सोमवारी भल्या सकाळी साताऱ्याची पहिली एस.टी. आली आणि त्यातून आक्का उतरली. सत्कारास आलेल्या कोणा सातारकराने रात्रीच परत जाऊन तिला बातमी दिली होती. गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आक्रोश ऐकू येत होता. सुहासिनी दारात गेली. आक्काने तिच्या गळ्यात हात टाकले.

“अगं, मीच गं तिच्या मागे लागले होते! म्हणून देवानं— अनंता, मला कळवायचं तरी रे!”

“आक्का, ती जिवंत आहे,” मी म्हणालो.

“असंच वाटतं रे सुरुवातीला,” आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली.

तिला समजावण्यास बराच वेळ लागला, कारण मी हकिकत सुरुवातीपासून सांगू लागलो होतो. अखेर सुहासिनीने तीन वाक्यांत ती सांगितली. आक्का रडे थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने जे बोलण्यास सुरुवात केली ते येथे देण्याजोगे नाही. पहाटे थंड पाण्याने डोक्यावरून केलेली आंघोळ, न घेतलेला चहा, गाडीत अनोळखी बायांपुढे सांडलेले अश्रू, या प्रत्येकाचा हिशेब तिने माझ्याकडून मागितला. दुपारी मात्र ती देवापुढे बसली आणि सुहासिनीला हळूच म्हणाली, “मिळू दे गं तिला ती जागा. वाईच्या त्या स्थळाची आपल्याला काही घाई नाही.”

परंतु जागा मिळण्याची आशा मला उरली नव्हती. त्या दोन्ही तारा मुलाखतीच्या टेबलावर पोहोचल्या असणार. पहिलीमुळे तिचे नाव खोडले गेले असेल. दुसरीमुळे ते पुन्हा लिहिले गेले असेल की नाही, हे माझ्या गद्यावर अवलंबून होते. आयुष्यात प्रथमच मला माझ्या गद्याची भीती वाटली.

बुधवारी सकाळी चारुशीला आली. ओटीवर पिशवी ठेवून तिने आक्काला नमस्कार केला. आक्काने तिला चाचपून पाहिले.

“तारा पोहोचल्या?” मी विचारले.

“पोहोचल्या. शिपायानं माझं नाव पुकारलं, मी आत गेले, आणि समोरचे पाच जण माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं साडीला काही लागलंय. मग अध्यक्षांनी दोन्ही तारा माझ्यासमोर सरकवल्या. म्हणाले, ‘पहिली सांगते तुम्ही वारलात. दुसरी सांगते तुम्ही शनिवारी रात्रीपर्यंत जिवंत होता. आम्ही बरीच चर्चा केली. दोन्ही तारांमध्ये आम्हाला काहीही विसंगती आढळली नाही.’”

सुहासिनीने माझ्याकडे पाहिले. मी तुळईकडे पाहिले.

“दुसरी तार तंतोतंत अचूक होती,” मी म्हणालो.

“तेही तेच म्हणाले, बाबा. म्हणूनच त्यांना वाईट वाटलं. एकानं तर शोकसंदेशाचा मसुदाही करायला घेतला होता.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मला आधी हसूच आवरेना. मग म्हटलं, आपण मला प्रश्न विचारून पाहा. उत्तरं चुकली, तर पहिली तार खरी धरा.”

“आणि?” आक्का पुढे सरकली.

“दुपारभर विचारले त्यांनी. फळ्याची एक बाजू भरली, दुसरी भरली. एकदा तर मला वाटलं, आता खरंच पहिलीच तार खरी ठरणार. शेवटी अध्यक्षांनी पुस्तकं मिटली आणि दुसरी तार पुन्हा हातात घेतली. ‘हे तुमचे वडील का?’ होय म्हटलं. ‘घरातही असेच बोलतात?’ होय. ‘आणि तुम्हाला ते कळतं?’ म्हटलं, बहुधा पहिल्या खेपेला. तेव्हा ते शेजारच्यांना म्हणाले, ‘हिला आमचा विषय जड जाणार नाही.’”

ही स्तुती होती की निंदा, याचा मी विचार करू लागलो. दोन्ही बाजूंनी भक्कम मुद्दे होते. पहिला मुद्दा मांडण्यासाठी मी बोट वर केले, तोच सुहासिनी कडाडली, “अहो, जागा मिळाली की नाही ते विचारा ना आधी!”

“जानेवारीत रुजू व्हायचंय,” चारुशीला म्हणाली, आणि मग मात्र ती एकदम रडू लागली. आक्का उठली आणि साखरेचा डबा शोधू लागली. ओट्यावरून लालासाहेबांचा आवाज आला, “वैनी, मिळाली व्हय? आता खरा सत्कार!”

या गोंगाटात मी चारुशीलेला जरा बाजूला घेतले. मला फक्त एकच गोष्ट विचारावयाची होती.

“अध्यक्षांनी ती तार ‘पुन्हा’ हातात घेतली, असे तू म्हणालीस. म्हणजे त्यांनी ती आधी वाचलेली होती?”

“हो. आणि मग मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्यांना.”

“दोनदा,” मी म्हणालो.

“दोनदा, बाबा.” तिने डोळे पुसले. “आणि नाथाजीरावांची एकदाच.”

सांगली शहरातील एकाही सत्कारमूर्तीने माझे मानपत्र दुसऱ्यांदा वाचल्याचे ऐकिवात नाही. मी चष्मा काढला. या वेळी मात्र तो खरोखर पुसावा लागला.